मुक्या सोबतीचा आधार : सैनिकाचे मन आणि अंगणातील प्राणी

परभणीहून जिंतूरकडे निघालेला रस्ता झरी ओलांडून बोरीला येतो. मराठवाड्यातील अशा गावांत फौजेतून परतलेला एखादा तरी माणूस असतोच. गाव त्याला 'फौजी' म्हणून ओळखते, स्वातंत्र्यदिनी झेंड्याजवळ मानाने उभे करते आणि नंतर आपापल्या कामाला लागते. त्याच्या घरी मात्र वर्षाचे सर्व दिवस वेगळा हिशेब चालू असतो. जवान साधारणपणे पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास निवृत्त होतो. पुढे अर्धे आयुष्य शिल्लक असते. ते आयुष्य त्याच्यासोबत काढणारे आईवडील तोवर साठी-सत्तरीला टेकलेले असतात आणि पत्नी इतकी वर्षे एकटीने संसार ओढून थकलेली असते.

वाचकहो, हा लेख प्रामुख्याने त्या घरातील तुमच्यासाठी आहे. मुलगा रात्री दचकून उठतो, जेवताना दाराकडे तोंड करूनच बसतो, लग्नाच्या वरातीत थांबत नाही, लहानसहान गोष्टीवरून भडकतो आणि मग दोन दोन दिवस बोलत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. अशा वेळी कोणीतरी सुचवते, 'घरात एखादे कुत्रे आणा, त्याचे मन रमेल.' हा सल्ला कितपत खरा? प्राण्याच्या सहवासाने सैनिकाच्या मनाला खरोखर आराम पडतो का? पडत असेल तर कसा, किती आणि कोणत्या मर्यादेत? या प्रश्नांची उत्तरे जगभरातील अनुभवाच्या आणि आपल्या अंगणातील वास्तवाच्या आधारे पाहू या.

न दिसणारी जखम

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांच्या अंगावर जखम नसे. पण त्यांचे हात थरथरत, वाचा बसे, झोप उडे. ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'द लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या अवस्थेविषयी लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' म्हणजे आघातोत्तर ताण विकार या नावाने त्याला अधिकृत निदानाचे स्थान दिले. थोडक्यात त्याला पीटीएसडी म्हणतात.

त्याच्या खुणा चार प्रकारच्या असतात. घडलेली घटना दुःस्वप्नांतून किंवा जागेपणी पुन्हा पुन्हा समोर येणे, ही पहिली. तिची आठवण करून देणारी माणसे, ठिकाणे, गप्पा टाळणे, ही दुसरी. मन सुन्न होणे, अपराधी वाटणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील रस जाणे, ही तिसरी. सतत सावध राहणे, दचकणे, चिडणे, झोप न लागणे, ही चौथी. अशा खुणा महिन्याहून अधिक काळ टिकल्या आणि त्यांनी रोजचे जगणे अडवले, तर तो स्वभावदोष मानू नये. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

ज्येष्ठ वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. नोकरी, शेती, मुलांची लग्ने यांच्या धबडग्यात दाबून ठेवलेल्या आठवणी उतारवयात, हातचे काम सुटल्यावर किंवा जोडीदार गेल्यावर, वर येऊ शकतात. घरातील आजोबा पन्नास वर्षांनी एकाएकी रात्री ओरडू लागले, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना त्यांची फौजेतील पार्श्वभूमी आवर्जून सांगा.

ही ओळख जुनीच आहे

युद्धाने खचलेला माणूस आणि त्याच्या मागून चालणारे कुत्रे हे चित्र आपल्याला महाभारतापासून परिचित आहे. कुरुक्षेत्रावर विजय मिळूनही युधिष्ठिराला त्या विजयाचा आनंद होत नाही. शांतिपर्वाच्या आरंभी तो शोकाने राज्यच नाकारू पाहतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर भावंडे आणि द्रौपदी एकामागून एक कोसळतात, शेवटपर्यंत सोबत राहते ते एक कुत्रे. त्याला मागे ठेवून स्वर्गाच्या रथात बसण्यास युधिष्ठिर नकार देतो. संत नामदेवांची कथाही आपल्याच भागातील. त्यांचे नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १९९९ पर्यंत तो परभणी जिल्ह्याचाच भाग होता. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ती कोरडी खाऊ नये म्हणून, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

वैद्यकानेही या नात्याची दखल लवकर घेतली. इंग्लंडमधील यॉर्क येथे अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम ट्यूक यांनी सुरू केलेल्या मनोरुग्णांच्या आश्रमात अंगणात ससे, कोंबड्या असे लहान प्राणी ठेवलेले असत. त्यांची काळजी घेताना रुग्ण शांत होतात, असा तेथील अनुभव होता. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, असे नोंदवले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात न्यूयॉर्कजवळ पॉलिंग येथील हवाई दलाच्या आरोग्यभवनात बरे होत असलेल्या सैनिकांना गाई, घोडे, डुकरे, कोंबड्या यांच्यासोबत शेतावर काम करण्याची संधी दिली जात असे. १९६० च्या दशकात बोरिस लेव्हिन्सन या बालमानसतज्ज्ञाला आपल्या 'जिंगल्स' नावाच्या कुत्र्यामुळे न बोलणारी मुले बोलती होताना दिसली आणि त्याच्या लेखनातून प्राणी-साहाय्यित उपचारांच्या अभ्यासाला चालना मिळाली.

डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकी लष्कराने बो आणि बज या दोन काळ्या लॅब्राडोर कुत्र्यांना इराकमधील ताण-निवारण पथकांसोबत पाठवले. त्यांना बॉम्ब हुंगायचे नव्हते, पहाराही द्यायचा नव्हता. जवानांच्या राहुट्यांमधून फिरणे आणि त्यांना जवळ येऊ देणे, एवढेच त्यांचे काम होते. समुपदेशकाकडे जायला संकोचणारा जवान कुत्र्याला कुरवाळायला सहज येतो आणि मग शेजारी बसलेल्या समुपदेशकाशीही दोन शब्द बोलतो, हे त्यामागील साधे गणित होते.

शरीरात काय घडते

पीटीएसडीमध्ये शरीराची धोक्याची घंटा जणू वाजतच राहते. धोका नसतानाही हृदय धडधडते, स्नायू ताठ राहतात. ओळखीचा, शांत प्राणी जवळ असताना या घंटेचा आवाज काहीसा मंदावतो. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणूस कुत्र्याला प्रेमाने कुरवाळत असताना माणसाचा आणि कुत्र्याचा, दोघांचाही रक्तदाब उतरल्याचे दिसले. जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवले, की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्ह्या बाळाच्या जवळिकीत काम करणारे हेच संप्रेरक.

याखेरीज एक मानसिक कारण आहे. प्राणी प्रश्न विचारत नाही. 'तिकडे काय पाहिलंस?', 'कोणाला मारलंस का?' अशा कुतूहलाने गावातील माणसे फौजीला नकळत बोचकारतात. कुत्र्याला किंवा वासराला भूतकाळाशी देणेघेणे नसते. त्याला आताची भूक आणि आताचा स्पर्श कळतो. भूतकाळात अडकलेल्या मनाला तो वर्तमानात ओढून आणतो. शिवाय त्याला वेळेवर खायला लागते, फिरायला लागते. ज्याला अंथरूण सोडण्याचे कारण उरलेले नाही, त्याला तो रोज सकाळी एक कारण देतो.

तीन प्रकार, तीन कामे

या विषयावर बोलताना तीन गोष्टींची गल्लत होते. पहिला, उपचार-साहाय्यक प्राणी. तो प्रशिक्षित असतो, आपल्या हाताळणाऱ्यासोबत रुग्णालयात किंवा पुनर्वसन केंद्रात ठरलेल्या वेळी येतो आणि अनेकांना भेटून परत जातो. दुसरा, सेवा-श्वान. तो एकाच व्यक्तीसाठी खास कामे शिकतो: दुःस्वप्नात तळमळणाऱ्या मालकाला नाकाने ढोसून जागे करणे, अस्वस्थता वाढू लागताच पायावर पंजा ठेवून लक्ष वळवणे, गर्दीत मालकाच्या पाठीशी उभे राहून त्याला मोकळी जागा मिळवून देणे. त्याच्या प्रशिक्षणाला पुष्कळ महिने आणि मोठा खर्च लागतो. तिसरा, घरचा पाळीव प्राणी. त्याला खास शिक्षण नसते. त्याची माया आणि सवय हेच त्याचे औषध.

बोरीसारख्या गावात पहिले दोन सहज मिळणार नाहीत. तिसरा मात्र दाराशीच असतो. म्हणूनच त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे नीट समजून घेतले पाहिजे.

पुरावा किती भक्कम आहे?

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १४१ माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७५ जणांकडे सेवा-श्वान होते आणि ६६ जण प्रतीक्षायादीत होते. श्वान असलेल्यांमध्ये पीटीएसडीची लक्षणे व नैराश्य कमी आणि जीवनातील समाधान अधिक आढळले. २०२४ मधील त्यांच्या पुढील अभ्यासात १५६ जण होते. तीन महिन्यांनंतर श्वान मिळालेल्या गटाची स्थिती पुन्हा एकदा लक्षणीय चांगली दिसली. मात्र दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालूच होते, हे विसरू नये. श्वान हा उपचारात भर घालणारा ठरला. त्याने उपचारांची जागा घेतली नव्हती. कोणाला श्वान मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे निष्कर्ष काढताना संशोधकही सावध आहेत.

अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने स्वतः केलेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये जाहीर झाला. त्यात काही सैनिकांना खास प्रशिक्षित सेवा-श्वान आणि काहींना केवळ भावनिक आधार देणारे, शिस्त लावलेले साधे श्वान दिले होते. दोन्ही गटांत सुधारणा दिसली. पीटीएसडीच्या लक्षणांत सेवा-श्वानांचा गट काहीसा पुढे होता; पण एकूण दैनंदिन कार्यक्षमतेत फारसा फरक आढळला नाही. आपल्यासाठी यातून आशेची गोष्ट अशी, की साध्या पण नीट वाढवलेल्या कुत्र्याचाही उपयोग होतो. सावधगिरीची गोष्टही याच अभ्यासाच्या आरंभी घडली: काही श्वानांनी घरातील मुलांना चावे घेतल्याने तो मध्येच थांबवून प्राण्यांची निवड आणि तपासणी कडक करावी लागली. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे घडू शकते, तर घरी आपण किती जपायला हवे, हे उघड आहे.

आपल्या देशातील चित्र

आपल्या सैन्यात प्राण्यांची परंपरा मोठी आहे. लष्कराची रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर घोडे, खेचरे आणि श्वान सांभाळते. तिचे केंद्र मेरठला आहे. सीमेवर श्वान आणि त्याचा हँडलर यांचे नाते किती घट्ट असते, याची साक्ष २०१५ मध्ये काश्मीरमधील तंगधार भागात मिळाली. घुसखोरांशी झालेल्या चकमकीत 'मानसी' ही लॅब्राडोर आणि तिचे हँडलर बशीर अहमद वार या दोघांनाही एकत्रच वीरमरण आले. महाराष्ट्राला मुंबई पोलिसांचा 'जंजीर' आठवत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून काढले. २००० मध्ये तो कर्करोगाने गेला तेव्हा पोलीस दलाने त्याला सन्मानाने निरोप दिला. ही कामगिरीवरची जनावरे. पण दिवसभराच्या पहाऱ्यानंतर हँडलर त्यांच्याच अंगाला टेकून बसतो, हेही तितकेच खरे. सेवेतून निवृत्त झालेली लष्करी श्वाने आता मेरठला सांभाळली जातात आणि योग्य घरांना दत्तकही दिली जातात.

उपचारासाठी प्राण्यांचा शिस्तबद्ध उपयोग करण्याचे काम महाराष्ट्रात मुंबई-पुण्याकडे रुजले. चिकित्सा-मानसतज्ज्ञ मिनल कविश्वर यांनी उभारलेल्या 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन'ने प्रशिक्षित श्वानांच्या साहाय्याने विशेष मुले आणि रुग्ण यांच्यासोबत काम केले आहे. जवानांच्या शरीराच्या पुनर्वसनासाठी पुण्यात खडकी येथे १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मज्जारज्जूच्या दुखापतीने खुर्चीला खिळलेले सैनिक तेथे नव्याने जगणे शिकतात. मनाच्या जखमेसाठीही पुण्यातच एक महत्त्वाचे पाऊल पडले. १ डिसेंबर २०२३ रोजी सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदले आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी 'टेली-मानस'चा स्वतंत्र कक्ष सुरू झाला.

बोरीच्या अंगणात काय करता येईल?

शहरी लेख वाचून आपण समजतो, की उपचार म्हणजे महागडा लॅब्राडोरच हवा. तसे नाही. नॉर्वेतील संशोधक बेंटे बेर्गेट आणि सहकाऱ्यांनी मानसिक आजार असलेल्या ९० रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये मांडला. त्यांपैकी साठ जण बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, तीन-तीन तास शेतावर गाई आणि इतर जनावरांची देखभाल करीत होते. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत त्यांचा स्वतःवरील विश्वास वाढलेला आढळला. हे रुग्ण सैनिक नव्हते. पण 'माझ्या हातून काहीतरी नीट होते' ही भावना फौजेतून परतलेल्या माणसालाही तितकीच हवी असते.

आपल्या भागात हे वेगळे शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचे, हळुवारपणे शेकायचे आणि उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. ज्याने हे केले आहे, त्याला स्पर्शाचा उपचार पुस्तकातून समजावून घेण्याची गरज नाही. आखाड्यावरची लाल कंधारी गाय, दावणीची शेळी, वेशीपासून मागे मागे येणारे गावठी कुत्रे यांतील कोणीही सोबती होऊ शकते. फक्त त्या सोबतीला थोडी शिस्त हवी. ती अशी लावता येईल :

• निवड त्याची असू द्या. 'तुझ्यासाठी आणलंय' म्हणून पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवू नका. आधी शेजाऱ्याच्या किंवा भावकीतल्या जनावरासोबत पंधरा-वीस दिवस वेळ घालवू द्या. त्याला हायसे वाटते का, की जबाबदारीने तो अधिकच कातावतो, हे पाहा.

• स्वभाव पाहा, जात नव्हे. कारवानी कुत्रे देखणे आणि चपळ. पण त्याचा पिंड शिकारीचा. सोबतीला शांत, माणसात मिसळणारे, दीड-दोन वर्षांचे वाढलेले कुत्रे पिल्लापेक्षा बरे. गाय निवडताना लाथ न मारणारी, हात लावू देणारी निवडा.

• कामाला वेळ बांधा. सकाळी वैरण-पाणी आणि खरारा, सायंकाळी अर्ध्या तासाची चक्कर. फौजी माणसाला ठरलेल्या वेळेचे काम सोयीचे वाटते. तिथे त्याची जुनी शिस्त कामी येते.

• शिकवण्याचे काम त्याच्याकडे द्या. अमेरिकेत २००८ पासून काही माजी सैनिक दुसऱ्या अपंग सैनिकांसाठी श्वान तयार करण्याचे काम करतात. कुत्र्याला शिकवताना आवाज मृदू ठेवावा लागतो, धीर धरावा लागतो, शाबासकी द्यावी लागते. हेच घरच्यांशी बोलतानाही उपयोगी पडते.

• पर्यायी माणूस ठरवा. त्याचे मन ठीक नसेल त्या दिवशी जनावराचे कोण पाहणार, हे आधीच ठरलेले असावे. उपाशी जनावर पाहून येणारी अपराधाची भावना त्याच्या दुखण्यात भरच घालते.

• दिवाळीची तयारी आधी करा. फटाक्यांना सैनिक घाबरतो आणि कुत्राही. त्या रात्री दोघांसाठी आतल्या खोलीत अंथरूण घाला, दारे-खिडक्या लावा, रेडिओ किंवा पंखा चालू ठेवा. शेजाऱ्यांना आधी सांगितले, तर समजूतदार शेजारी ऐकतात.

आधी उपचार, मग सोबत

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. प्राणी हा मदतनीस आहे. तो डॉक्टर नाही. पीटीएसडीवर आघातावर केंद्रित मानसोपचार आणि गरजेनुसार औषधे हे सिद्ध झालेले उपाय आहेत. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे तपासणी करून घ्या. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून आहे. जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये कार्ड दाखवून मानसिक आजारासाठीही संदर्भपत्र मागता येते. कागदपत्रांची अडचण असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. गावातून जाणे जमत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसा किंवा रात्री कधीही विनामूल्य बोलता येते. मराठीत बोलणारे समुपदेशक असतात. रुग्ण स्वतः बोलायला तयार नसेल, तर काळजी घेणारे म्हणून तुम्ही फोन करा. दारू वाढली असेल, तर तेही लपवू नका. झोपेसाठी म्हणून सुरू झालेली दारू झोपच बिघडवते, आणि दारूच्या भरात पाळलेल्या जनावरालाही इजा होऊ शकते.

काही खुणा दिसल्या, तर एक दिवसही थांबू नये. 'माझ्याशिवाय तुमचं चांगलं चालेल' असे बोलणे, पैशांची आणि कागदांची अचानक निरवानिरव करणे आणि जिवापाड जपलेले जनावर एकाएकी कोणाला तरी देऊन टाकणे, या त्या खुणा. अशा वेळी शांतपणे, सरळ विचारा: 'जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का?' विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. सुरक्षारक्षकाच्या नोकरीची परवान्याची बंदूक घरात असेल, तर ती घराबाहेर सुरक्षित जागी हलवा. कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा. १४४१६ वर किंवा तातडीच्या वेळी ११२ वर फोन करा आणि त्याला रुग्णालयात न्या.

ज्येष्ठांच्या घरी घ्यायची काळजी

घरात साठी-सत्तरीची माणसे असताना प्राणी आणायचा, तर काही नियम कटाक्षाने पाळावेत. कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस द्या आणि पुढे दर वर्षी तिची नोंद ठेवा. कोणालाही चावा किंवा ओरखडा लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस सुरू करा. हळद, चुना, मिरची असे काहीही लावू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्रा लस घेतलेला आहे म्हणून माणसाची लस परस्पर टाळू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

जंतनाशक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक काळाने द्या, गोचीड काढा. दूध उकळूनच प्या. गाय किंवा शेळी गाभडली, तर ते हातमोज्यांशिवाय हाताळू नका. ब्रुसेलोसिससारखा आजार माणसाला होतो. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मदत मागता येते.

वयस्कांना सर्वांत मोठा धोका पडण्याचा असतो. रात्री अंधारात पायात घुटमळणाऱ्या कुत्र्यावरून पडून खुब्याचे हाड मोडले, तर सोबतीची शिक्षाच होते. ओसरीपासून संडासापर्यंत दिवा ठेवा, कुत्र्याची रात्रीची जागा ठरवून द्या, त्याच्या गळ्यात लहानशी घंटी बांधा. ओढ घेणाऱ्या कुत्र्याची साखळी आजोबांच्या हाती देऊ नका. कर्करोगाचे औषधोपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तीने प्राण्याजवळ जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. लहान नातवंडांना कुत्र्यासोबत एकटे ठेवू नका, विशेषतः ते खात असताना.

त्या मुक्या जिवाचेही मन असते

सोबत मागताना सोबत्याच्या सोयीचाही विचार हवा. सतत ओरडणाऱ्या, हात उचलणाऱ्या घरात प्राणीही आजारी पडतो. कुत्र्याने शेपूट पायांत घातली, तोंड फिरवले, वारंवार जांभया दिल्या, ओठ चाटले, तर त्याला विश्रांती हवी आहे, असे समजा. त्याला माणसांपासून दूर जाऊन बसता येईल अशी स्वतःची एक जागा द्या.

आणि एक दिवस तोही जाणार, हे मनात धरून ठेवा. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. ज्याने रणांगणावर साथीदार गमावले आहेत, त्याला हा वियोग दुहेरी लागतो. जुनी जखम नव्या दुःखासोबत वर येते. 'कुत्रंच तर होतं' असे कोणी म्हणू नये. शेताच्या बांधावर त्याला नीट पुरा, फौजीला हवे तर दोन शब्द बोलू द्या, आणि पुढील काही आठवडे त्याच्या झोपेवर, जेवणावर लक्ष ठेवा. दुसरे जनावर लगेच आणण्याची घाई करू नका. ते कधी आणायचे, हे त्यालाच ठरवू द्या.

मुलगा आज तुमच्याशी बोलत नसेल, तर त्याचा अर्थ त्याला तुम्ही नको आहात असा घेऊ नका. माणसांशी बोलण्याआधी तो कदाचित एखाद्या वासराच्या मानेवरून हात फिरवील. त्या वेळी जवळच, काही न विचारता, तुमचे काम करीत बसा. भाकरी थापा, शेंगा सोला. समुपदेशकाकडे जायचा दिवस आला, की त्याच्यासोबत परभणीच्या गाडीत बसा, आणि तो परत येईपर्यंत जनावराला वैरण कोण घालणार, याची चिंता त्याच्या डोक्यावर राहू देऊ नका.